पिवळी ज्योत, काळी फुप्फुसे

धाप लागते म्हणून दवाखान्यात येणाऱ्या साठीच्या बायकांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : ‘मावशी, स्वयंपाक कशावर करता?’ आयुष्यात कधी विडी ओढलेली नसते; पण उमेदीची सगळी वर्षे चुलीपुढे गेलेली असतात. ज्योतीचे तापमान मोजण्याच्या शास्त्राचा या धापेशी जवळचा संबंध आहे.

ज्योतीत तापमापकाची तार धरली, तर ज्योतच थोडी बिघडते. म्हणून संशोधक तिचे छायाचित्र काढतात. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे दिसते. कॅमेरा लाल, हिरवा व निळा प्रकाश वेगवेगळा नोंदवतो. छायाचित्रातील प्रत्येक बिंदूतल्या लाल आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर काढायचे आणि तापमान आधीच माहीत असलेल्या वस्तूच्या प्रकाशाशी ते ताडून पाहायचे. त्यावरून तिथले तापमान कळते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने ही मोजणी करून दाखवली आहे.

मात्र ही युक्ती पिवळ्या ज्योतीलाच लागू पडते. तिचा पिवळा उजेड म्हणजे तापून चमकणारे काजळीचे सूक्ष्म कण. गॅसच्या ज्योतीचा निळा रंग तापमानामुळे येत नाही. इंधन जळताना क्षणभर तयार होणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा तो प्रकाश असतो. अशा ज्योतीत केसाहून बारीक तंतू धरून त्याच्या चमकेचे छायाचित्र घ्यावे लागते. मेणबत्तीच्या पिवळ्या भागात साधारण १२०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमान असते; स्वयंपाकाच्या गॅसची निळी ज्योत त्याहून बरीच गरम असते.

म्हणजे कॅमेऱ्याला तापमान सांगणारे कण हेच अर्धवट जळलेले इंधन. ज्योतीतून निसटलेले कण भांड्याच्या बुडाला बसतात, छताला बसतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसातही जातात. अशा जळण्यात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

तेव्हा घरात कॅमेऱ्याची गरज नाही, डोळे पुरेसे आहेत. आमटी उतू गेली की ज्योत क्षणभर पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग, त्याची काळजी नको. पण ज्योत सतत पिवळी राहत असेल, भांडी काळी पडत असतील, तर बर्नरची छिद्रे साफ करा आणि शेगडी कारागिराला दाखवा. ज्योत निळी असली तरी खिडकी उघडी ठेवा. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर तर जीवघेणा ठरू शकतो. आंघोळ करताना डोके दुखले, गरगरले, मळमळले, तर आधी मोकळ्या हवेत या आणि मग लगेच रुग्णालय गाठा.