ड्रायर घेण्याआधी स्पिनचा वेग पाहा

पावसाळा लागला की लाँड्रीवाल्याचा जीव टांगणीला लागतो. कपडे धुऊन तयार असतात, पण वाळत नाहीत. दोरीवर दोन-दोन दिवस लटकलेल्या चादरींना कुबट वास येतो. ईदच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशीचे काम वेळेवर दिले गेले नाही तर गिऱ्हाईक कायमचे तुटते. मग घाईने कर्ज काढून ड्रायर आणला जातो, आणि पहिले वीजबिल हाती पडल्यावर डोळे उघडतात.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबालाही सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. तो स्पिनर आहे. फक्त पाणी पिळून काढतो. मोठ्या लाँड्रीत हेच काम ‘हायड्रो’ करतो. गरम हवेने कपडे पुरते वाळवतो तो टंबल ड्रायर, आणि इथे बोलतो आहोत ते त्याच्याबद्दल.

विजेची मोठी बचत ड्रायरच्या आधी, पिळण्यातच होते. 10 किलो सुती कपडे मिनिटाला 800 फेऱ्यांच्या मशीनमधून काढले तर त्यांत सुमारे 7 किलो पाणी उरते. 1400 फेऱ्यांच्या मशीनमध्ये सुमारे 5 किलो. एक किलो पाण्याची वाफ करायला साध्या इलेक्ट्रिक ड्रायरला साधारण एक युनिट वीज लागते. म्हणजे एका घाण्यामागे 2 युनिटांचा फरक. दिवसाला 6 घाणे आणि महिन्याला 26 दिवस धरले तर 312 युनिटे! आपल्या बिलावरचा दर लावून गुणाकार करून पाहावा. जास्त वेगाने पिळायला लागणारी वीज त्यापुढे किरकोळ आहे. जुने मशीन कमी वेगाचे असेल तर आधी हायड्रो घ्यावा, ड्रायर मागाहून.

दुसरी गोष्ट मापाची. धंद्याच्या मशीनमध्ये धुण्याला एका किलोमागे सुमारे 10 लिटरचा ड्रम धरतात, वाळवण्याला 20 ते 25 लिटरचा. ओले कपडे मोकळे उलटसुलट पडले तरच त्यांतून हवा खेळते. ठासून भरले की चुरगळतात, वेळ वाढतो, इस्त्रीवाल्याचे काम दुप्पट होते. धुणे-वाळवणे एकाच मशीनमध्ये करणारे वॉशर-ड्रायर दिसायला सोयीचे, पण धुण्याच्या पूर्ण घाण्याला वाळवू शकत नाहीत. दोन वेळा लावावे लागते. दुकानासाठी ते घेऊ नयेत, असे आमचे मत आहे.

आता प्रकार. हीट पंपाचा ड्रायर साध्यापेक्षा निम्मी किंवा त्याहून कमी वीज घेतो. युरोपीय संघाने तर घरगुती ड्रायरसाठी 1 जुलै 2025 पासून असे निकष लावले की व्यवहारात हीट पंपवालेच तिथे नव्याने बाजारात येऊ शकतात. पण तो महाग आहे आणि कमी तापमानावर चालत असल्याने सावकाश वाळवतो. मशीन तासाला एक घाणा काढत असेल आणि ड्रायरला दोन तास लागत असतील, तर ओल्या कपड्यांचा ढीग साचणारच. दिवसाला तीन-चार घाणे असतील त्यांना तो परवडावा. ज्यांचे काम दिवसभर चालू असते त्यांनी गॅसचा ड्रायरही पाहावा. 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सुमारे 240 युनिटांइतकी उष्णता असते; सिलिंडरच्या किमतीला 240 ने भागून येणारा आकडा विजेच्या दराशी ताडावा. घरगुती सिलिंडर मात्र धंद्याला चालत नाही.

हवा बाहेर फेकणाऱ्या ड्रायरची नळी पत्र्याची, आखूड आणि कमी वळणांची असावी. ती दुकानातच उघडी सोडली तर तीच दमट हवा पुन्हा आत ओढली जाते. जाळीवरचा सुताचा कोंडा प्रत्येक घाण्यानंतर काढावा. तो साचला की वीज जास्त लागते आणि आगही लागू शकते.

खरेदीला जाण्याआधी आठवडाभर रोजचे घाणे कोरडे आणि पिळल्यानंतर असे दोनदा तोलून वहीत लिहावेत. दोन वजनांतला फरक म्हणजे ड्रायरला काढायचे पाणी. ती वही घेऊनच विक्रेत्यापुढे बसावे.