मतदारयादी कोणाच्या हाती?

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर देशाचा निवडणूक आयोग उभा राहतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे राज्ये ५० आणि मतदानाचे कायदेही ५० प्रकारचे!

तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा वरून नेमलेला नसतो. राज्यातील जनताच त्याला थेट मते देऊन निवडते. ४८ राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची, तर न्यू हॅम्पशायर व व्हरमाँटमध्ये दोनच वर्षांची असते. नॉर्थ डकोटात मतदार म्हणून आधी नाव नोंदवावेच लागत नाही. मेन व व्हरमाँटमध्ये तुरुंगातील कैदीही मत देतो. अनेक राज्यांत निवडणुकीवर देखरेख करणारा मुख्य अधिकारी स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो.

राज्यांच्या या अधिकाराची झळ कृष्णवर्णीय बांधवांना फार सोसावी लागली. वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ठरले. परंतु मतदाराची पात्रता ठरविणे राज्यांकडेच राहिले. १८९० मध्ये मिसिसिपी राज्याने नवी राज्यघटना केली. मत हवे तर आधी कर भरा, राज्यघटनेतील कलम वाचा किंवा त्याचा अर्थ सांगा! अर्थ बरोबर की चूक, हे ठरविणार गोरा अधिकारी. या अटींत वर्णाचा उल्लेख नव्हता, तरी नेम मात्र अचूक होता. इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ मध्ये उरले अवघे १,३४२.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. सारा देश हादरला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मताधिकार कायदा झाला. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट, त्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घेणे भाग पडले. मिसिसिपीत १९६४ मध्ये शंभरांतील सात कृष्णवर्णीयांचीही नावे यादीत नव्हती. १९६७ पर्यंत सुमारे ६० जणांची आली. १९८९ मध्ये व्हर्जिनियात गुलामांचे नातू डग्लस वाइल्डर गव्हर्नर म्हणून निवडून आले. मात्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगीसाठी राज्ये ठरविणारे कलमच रद्द केले आणि ती अट निष्प्रभ झाली.

हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या देशापुरता वेळीच ओळखला होता. प्रत्येक राज्याला वेगळा आयोग असावा, अशी मसुद्यात तरतूद होती. पण काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात असल्याचे बाबासाहेबांच्या कानी आले. म्हणून १५ जून १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली आणि लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका एकाच आयोगाकडे सोपविल्या. धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे कलम ३२५ सांगते.

कायदा आपल्या बाजूने आहे. पण यादीत आपले नाव आहे ना, हे आपणच पाहावयाचे आहे. यादी प्रसिद्ध झाली की घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे, नव्याने आलेल्या सुनेचे, म्हाताऱ्या आईचे नाव शोधा. नसेल तर त्याच दिवशी अर्ज भरा. जे मत मिळविण्यासाठी सेल्मात माणसांनी डोकी फोडून घेतली, ते आपण आळसाने गमावू नये.

जयभीम!