लॅपटॉपचा आवाज मागे का पडतो आणि का तुटतो

लॅपटॉपचा आवाज बिघडला की बहुतेक घरांत पहिला संशय स्पीकरवर येतो. मग नवे इअरफोन येतात, ते लावूनही गाणं अडखळतंच, आणि कोणीतरी 'साउंड कार्ड गेलं' असं निदान करून मोकळं होतं. स्पीकर खरोखर गेला असेल तर आवाज येतच नाही, किंवा सतत फाटका येतो. पण आवाज स्वच्छ येतोय, फक्त मध्येच तुटतोय किंवा पडद्यावरच्या ओठांच्या मागे पडतोय, अशी तक्रार असेल तर दुखणं बहुधा वेळेचं असतं. अगदी स्वस्तातल्या लॅपटॉपमध्येही गाणं वाजवण्याएवढी ताकद कितीतरी पटींनी जास्त असते. ते काम ठरल्या क्षणी होत नाही, इथेच सगळं अडतं. हे एकदा लक्षात आलं की दुरुस्तीची अर्धी वाट सरते आणि बऱ्याचदा पैसेही वाचतात.

ही वेळ किती काटेकोर असते ते आधी पाहू. फिलिप्स आणि सोनी यांची सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने साठवलेले असतात. व्हिडिओच्या जगात हाच आकडा 48,000 झाला आणि आजचे बरेचसे लॅपटॉप त्याच गतीनं आवाज वाजवतात. म्हणजे आवाजाच्या चिपला दर सेकंदाला डाव्या कानासाठी 48,000 आणि उजव्या कानासाठी तेवढेच आकडे लागतात, तेही एकसारख्या अंतरानं. प्रोसेसर एकेक आकडा पोहोचवत बसत नाही. तो आकड्यांचा एक घाणा राखीव जागेत टाकतो, चिप तो संपवत जाते, आणि संपायच्या आत पुढचा घाणा यावा लागतो. या राखीव जागेला बफर म्हणतात. विंडोजमध्ये एकेक घाणा साधारण 10 मिलिसेकंदांचा, म्हणजे 480 नमुन्यांचा असतो. सेकंदाला शंभर वेळा हा पुरवठा चुकता कामा नये.

पंगतीत वाढपी एकच असेल तर काय होतं ते आठवून पाहा. पानावर थोडंच वाढलं तर तो परत यायच्या आत पान रिकामं होतं आणि जेवणाऱ्याचा हात थांबतो. आवाज तुटतो तो असा. एकदम भरपूर वाढून ठेवलं तर हात थांबत नाही, पण आत्ता वाढलेल्या पदार्थाची पाळी यायला वेळ लागतो. आवाज मागे पडतो तो असा. उशीर आणि तुटणं ही म्हणूनच एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. बफर मोठा केला की तुटणं थांबतं आणि उशीर वाढतो. लहान केला की उलट. दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर वाढप्याच्या वाटेतले अडथळेच दूर करावे लागतात.

कान या बाबतीत डोळ्यांपेक्षा फार कडक आहेत. सिनेमाच्या सेकंदाला 24 चौकटींपैकी एखादी गळाली तर बहुतेकांना कळतही नाही. आवाजात मात्र दोन-तीन मिलिसेकंदांची फट पडली तरी कानाला ती जाणवते, आणि 'टक्' किंवा 'चर्र' असं काहीतरी ऐकू येतं. लॅपटॉपमध्ये काहीतरी वेळेवर होत नाहीये, याची पहिली खबर म्हणूनच आवाजातून मिळते.

आता निदानाकडे. सुरुवात करायची ती लॅपटॉपमध्येच साठवलेल्या एखाद्या गाण्यापासून, वायरचे साधे इअरफोन लावून. गाणं नेमक्या एकाच जागी अडखळत असेल तर फाइल खराब आहे, दुसरी मिळवा. साठवलेलं गाणं नीट वाजतं आणि इंटरनेटवरचंच तुटतं, असं असेल तर पडदा बघा. नेट कमी पडलं की चित्रही थांबतं आणि मध्यभागी चक्र फिरू लागतं, कारण असे व्हिडिओ काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतात. चित्र सुरळीत आणि आवाजात मात्र खरखर, हे नेटचं लक्षण नव्हे. साठवलेलं गाणंही निरनिराळ्या जागी तुटत असेल तर विमानातला मोड चालू करा, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद होतील, आणि तेच गाणं पुन्हा लावा. तुटणं थांबलं तर संशयित हाती लागला.

वायफायचा आणि गाण्याचा संबंध काय, असा प्रश्न इथे पडतोच. लॅपटॉपमधलं प्रत्येक यंत्र, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी, डिस्क, आपल्या ड्रायव्हरमार्फत प्रोसेसरला मध्येच थांबवून 'आधी माझं बघ' असं सांगू शकतं. अशी कामं इतर सगळ्यांच्या आधी होतात. ती 100 मायक्रोसेकंदांच्या आत उरकावीत, असा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सल्ला आहे. वाईट लिहिलेला ड्रायव्हर हजारो मायक्रोसेकंद अडून बसतो, आणि तेवढ्यात आवाजाचा बफर कोरडा पडतो. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर जेमतेम पाच टक्के कामात दिसतो, त्यामुळे मशीन अगदी मोकळं आहे असं वाटतं. काम किती झालं याची सरासरी तिथे दिसते. मधल्या चार मिलिसेकंदांचा खोळंबा तिच्यात विरघळून जातो.

हा खोळंबा पकडण्यासाठी लॅटन्सीमॉन नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर विंडोजवर मिळतं. ते चालू करून दहा-पंधरा मिनिटं लॅपटॉप नेहमीसारखा वापरायचा. मग ड्रायव्हरांची यादी उघडून सर्वांत जास्त वेळ घेणारा वर आणायचा. 'एनडीआयएस' दिसलं तर बोट वायफाय किंवा नेटवर्ककडे आहे. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' हा एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर. 'एसीपीआय' दिसलं तर बॅटरी आणि वीजव्यवस्थेकडे पाहायचं, आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बायोसचं नवं अपडेट आहे का ते शोधायचं. ड्रायव्हरसुद्धा शक्यतो त्याच साइटवरून, आपल्या मॉडेलचाच घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येतं.

हे दुखणं जुनंच आहे. विंडोज एक्सपीच्या काळात हार्ड डिस्क वाचताना काही वेळा चुका झाल्या की विंडोज त्या डिस्कला गुपचूप जुन्या, संथ पद्धतीवर टाकत असे. त्या पद्धतीत डिस्कवरचं सगळं वाचन प्रोसेसरला स्वतः करावं लागे. घरातल्या माणसाला दिसायचं एवढंच की फाइल उघडली की गाणं तोतरं होतं. कित्येकांनी तेव्हा नवी साउंड कार्डं आणली, आणि डिस्कची केबल सैल होती ती तशीच राहिली.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी दोन जागा तपासण्यासारख्या आहेत. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आपल्या स्पीकरच्या पानावर 'ऑडिओ एनहान्समेंट्स' असतात: बेस वाढवणं, आवाज घुमवणं वगैरे. या प्रत्येक करामतीला प्रक्रियेचा वेळ लागतो, आणि कंपन्यांनी घातलेल्या काही करामती नीट लिहिलेल्या नसतात. त्या बंद करून बघा. मला विचाराल तर बंदच ठेवा. दुसरी जागा वीज वाचवण्याची. काही सेकंद शांतता असली की आवाजाची चिप झोपी जाते आणि पुढचा आवाज आला की तिला जागं व्हायला क्षणभर लागतो. प्रत्येक सूचनेचा पहिला 'टिंग' गिळला जातो किंवा वाक्याचं पहिलं अक्षर ऐकू येत नाही, ते यामुळे. बॅटरी सेव्हर चालू असताना प्रोसेसरही मंद गतीला उतरतो. चार्जर लावल्यावर आवाज सुधारत असेल तर कारण इथेच आहे.

उष्णतेचंही तसंच. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर उशी घेऊन ठेवला की खालच्या फटी बुजतात, पंखा धुळीनं भरलेला असेल तर भरच पडते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर आपली गती एकदम खाली आणतो. अर्धा तास छान वाजून मग तुटायला लागणारा लॅपटॉप आधी टेबलावर ठेवून पाहावा.

लिनक्स वापरणाऱ्यांनी तर या विषयावर एक अख्खं दशक काढलं आहे. 2008च्या उबुंटू 8.04मध्ये पल्सऑडिओ आलं. वीज वाचावी म्हणून त्याच्या पुढच्या आवृत्त्या बफर खूप मोठा ठेवू लागल्या आणि चिप किती वाजवून झाली याचा हिशेब घड्याळावरून लावू लागल्या. कल्पना उत्तम होती, पण अनेक ड्रायव्हर चिपची जागा चुकीची सांगत होते, आणि हिशेब चुकला की आवाज तुटे. 'टीशेड' हे सेटिंग शून्य करण्याचा उपाय तेव्हा घरोघरी पोहोचला. पुढे विम टायमन्स यांनी लिहिलेलं पाइपवायर आलं, फेडोरानं 2021मध्ये ते आवाजासाठी मुख्य म्हणून स्वीकारलं, आणि त्यात बफर गरजेप्रमाणे लहानमोठा होतो. जुन्या लिनक्सवर अजून खरखर ऐकणाऱ्यानं आधी आवृत्ती बदलावी.

आता ब्लूटूथ. 'आवाज ओठांशी जुळत नाही' या तक्रारीचं आजचं सर्वांत मोठं कारण तेच. आवाज आधी आवळून लहान करायचा, पाकिटांत भरायचा, हवेतून पाठवायचा, हेडफोननं तो उलगडायचा आणि एखादं पाकीट हरवलं तर पुन्हा मागता यावं म्हणून थोडा साठा करायचा. या सगळ्यात सहज 150 ते 200 मिलिसेकंद जातात. व्हिडिओ दाखवणारी सॉफ्टवेअर तेवढंच चित्र मागे ठेवून जुळवून घेतात. गेम किंवा पेटीचं सॉफ्टवेअर तसं करू शकत नाही. तिथे बोट आत्ता पडलेलं असतं. अशा कामाला वायरचे इअरफोन हाच उपाय आहे. सिनेमा जुळत नसेल तर विंडोजवर व्हीएलसीमध्ये 'जे' आणि 'के' ही बटणं आवाज 50-50 मिलिसेकंदांनी पुढेमागे सरकवतात.

जुळणी किती चुकली तर खटकते, याचं मोजमाप झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला तर जाणवतो, पण मागे पडला तर 125पर्यंत ध्यानात येत नाही. याचं कारण निसर्गात आहे. मैदानाच्या कडेनं, 100 मीटरवरून पाहताना चेंडू बॅटला लागलेला दिसतो आणि त्याचा आवाज जवळजवळ 290 मिलिसेकंदांनी येतो. मागून येणाऱ्या आवाजाची मेंदूला सवय आहे. आधी येणारा आवाज त्यानं कधी ऐकलेलाच नाही.

ब्लूटूथ तुटत असेल तर हवेतली गर्दी बघा. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय एकाच 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं. राउटर दोन्ही पट्टे देत असेल तर लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झला जोडा. यूएसबी 3ची बाहेरची हार्ड डिस्क आणि तिची केबलही याच पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलनं 2012मध्ये मोजून दाखवलं होतं. ती दुसऱ्या बाजूच्या खोबणीत लावा. मीटिंग सुरू होताच हेडफोनचा आवाज टेलिफोनसारखा बोदा होतो, तेव्हा काहीच बिघडलेलं नसतं. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून फोनच्या पद्धतीवर जातं. माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज लगेच खुलतो.

काही उशीर मात्र कुठल्याच सेटिंगनं जात नाहीत, आणि ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांनी हे समजून घेणं फार गरजेचं आहे. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका दिशेला 60 मिलिसेकंद प्रवासातच गेले. समुद्राखालच्या केबलांची वळणं आणि कॉलमधली प्रक्रिया धरली तर 150 होणं अगदी साधं. आता मिनिटाला 240 मात्रांचा द्रुत तीनताल घ्या. एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. गुरुजींनी इथून ठेका धरला, शिष्येनं तिथे तो ऐकून अचूक सम गाठली, तरी तिचा सूर परत येईपर्यंत 300 मिलिसेकंद झालेले असतात. गुरुजींना ती मात्राभराहून मागे ऐकू येते. तिचं लयीचं अंग कच्चं आहे, असा ग्रह करून घेणं अन्यायाचं ठरेल. ठेका शिष्येच्याच खोलीत, वेगळ्या फोनवर किंवा तबला मशीनवर लावायचा आणि गुरुजींनी नुसतं ऐकायचं. मग गाणं आणि ठेका एकत्रच निघतात आणि एकत्रच पोहोचतात.

तानपुऱ्याचं वेगळं. तो मध्येच विरतो, परत येतो, पुन्हा विरतो, आणि नेट वाईट आहे असं दोन्हीकडे वाटतं. कॉलची सॉफ्टवेअर पंख्याचा सतत येणारा आवाज ओळखून काढून टाकतात, आणि अखंड षड्ज त्यांना पंख्यासारखाच वाटतो. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असं सेटिंग आहे. ते चालू केलं की ही छाटणी थांबते. मात्र तेव्हा हेडफोन लावणं आलंच, नाहीतर आवाज घुमतो.

एक तक्रार निदानात हमखास सुटते: सुरुवातीला सगळं जुळतं आणि तासाभरानं आवाज मागे पडतो. हे मुख्यतः रेकॉर्डिंग करणाऱ्यांना भेटतं. यूएसबी माइकमध्ये स्वतःचं स्फटिकाचं घड्याळ असतं, कॅमेऱ्यात वेगळं. दोहोंत दहा लाखांत 50 एवढाच फरक असला तरी तासाला 180 मिलिसेकंद साचतात. सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवून ठेवावी, म्हणजे संकलन करताना दोन्ही टाळ्या जुळवून आवाज तेवढाच ताणता किंवा आवळता येतो.

आणि दुकानात न्यायची वेळ केव्हा? इअरफोनची पिन खोबणीत फिरवली की आवाज येतो-जातो, एकाच बाजूचा स्पीकर विशिष्ट स्वरांवर थरथरतो, किंवा पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करूनही तीच खरखर तशीच येते, असं असेल तर दोष वस्तूतच आहे. तिथे जाताना काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून न्या, आणि तुटणारा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. असा त्रास दुकानाच्या काउंटरवर नेमका तेव्हा होत नाही.