सर्पगंधा आणि मेंदूतले निरोप

मेंदूतील चेतापेशींमधली सूक्ष्म फट डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन यांसारखी चेतापारेषके ओलांडतात. ही रसायने पेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत साठवलेली असतात. विद्युतसंदेश आला की ती फटीत सुटतात आणि पुढच्या पेशीवरील ग्राहींना जोडली जातात.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते चेतापेशींतल्या त्या इवल्या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडते. बाहेर राहिलेली रसायने विकरे नष्ट करतात आणि साठा आटतो. त्यामुळे रक्तदाब आणि मनोविकारातील प्रक्षोभ उतरतो. मात्र सुस्ती, कंपवातासारखी लक्षणे, क्वचित नैराश्यही येऊ शकते. म्हणून सर्पगंधा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.