तृणहीन परसातील कुक्कुटपालन

जळगावच्या पिंप्राळा उपनगरातील परसांत उन्हाळ्यात हिरवे गवत सहसा टिकत नाही. त्यावाचून कोंबडीचे नेमके काय अडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आहाराची उणीव सहज भरून निघते. पांढऱ्या ज्वारीत कॅरोटीन फारच अल्प असते. केवळ तिच्यावर पोसलेल्या कोंबडीच्या अंड्यातील बलक फिकट होतो व 'अ' जीवनसत्त्वही अपुरे पडते. पिवळा मका, लसूणघास किंवा शेवग्याचा पाला यांनी हा दोष जातो.

खरी अडचण रिकाम्या चोचीची आहे. मॅरियन डॉकिन्स यांच्या १९८९ मधील निरीक्षणांत मोकळ्या रानकोंबड्या सुमारे ६० टक्के मिनिटांत जमीन टोचताना आढळल्या. ही ओढ भूमीवर भागली नाही, तर चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते, असे डच संशोधक ब्लोकहाउस यांनी १९८६ मध्ये मांडले. म्हणून दाणा भांड्यात न ठेवता भुईमुगाच्या कोरड्या टरफलांत विखरावा (बुरशी आलेली टरफले सर्वथा वर्ज्य) आणि पाल्याची जुडी कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगावी. धूलिस्नानास सावलीत कोरडी माती व राख हवीच. मे महिन्यात मात्र दाणा पहाटेच विखरावा. दुपारी धापा टाकणाऱ्या पक्ष्यास सावली व गार पाणी याखेरीज काही नको असते.