रजोनिवृत्तीतील ‘वाफा’ आणि थंडावा देणारी साधने : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सलग बारा महिने मासिक पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यक मानते. भारतीय स्त्रियांत तिचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१ वर्षे आढळते. या काळात अनेक स्त्रियांच्या छातीवर, मानेवर व चेहऱ्यावर एकाएकी उष्णतेची लाट उसळते, घाम फुटतो, छाती धडधडते आणि मागाहून थंडीही वाजते. हा प्रकार बहुधा एक ते पाच मिनिटांत आटोपतो. परंतु तो दिवसातून अनेकवार व वर्षानुवर्षे होऊ शकतो. ज्या स्त्रियांना हा त्रास वारंवार होतो त्यांच्यात तो मध्यमानाने ७.४ वर्षे टिकतो, असा निष्कर्ष अमेरिकेतील ‘स्वॅन’ या दीर्घकालीन पाहणीतून २०१५ साली प्रसिद्ध झाला.

या त्रासावर थंडावा देणारी निरनिराळी साधने अलीकडे निघाली आहेत. त्यांचा विचार वैद्यांनी व अभियंत्यांनी करावा, भाषेच्या अभ्यासकाचे तेथे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, साधनाचा गुण आला की नाही याचा निर्णय तापमापक देत नाही. तो त्या स्त्रीच्या शब्दांवरूनच करावा लागतो. हे विधान कसे सिद्ध होते ते आधी पाहू.

आपल्या मेंदूतील अधश्चेतक हा भाग शरीराचे तापमान राखतो. तापमान एका मर्यादेवर गेले की घाम सुटतो, दुसऱ्या मर्यादेखाली आले की कापरे भरते. या दोन मर्यादांमधील पट्टा, वाफांचा त्रास नसलेल्या स्त्रियांत सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद असतो, तर त्रास असलेल्या स्त्रियांत तो जवळजवळ शून्यावर येतो, असे रॉबर्ट फ्रीडमन या संशोधकाने दाखविले. म्हणून तापमानात अल्पशी वाढ झाली तरी शरीर मोठ्या उष्म्याला तोंड देत असल्यासारखे वागू लागते. अर्थात् येथे उष्णता वाढलेली नसते म्हटले तरी चालेल. सहनशीलतेचा पट्टा आकसलेला असतो.

आता साधनांकडे वळू. १८३४ साली झां पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञास असे आढळले की, दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहविली असता एक सांधा थंड व दुसरा गरम होतो. याच तत्त्वावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये मनगटावर बांधावयाचे एक साधन रचले व पुढे त्यातूनच ‘एम्बर वेव्ह’ हे विक्रीचे साधन झाले. समजा, असे साधन त्वचेतून सेकंदाला ५ जूल उष्णता काढते. पाच मिनिटांत ती १,५०० जूल भरेल. पंचावन्न किलो वजनाच्या देहाचे तापमान एक अंशाने उतरविण्यास सुमारे १,९०,००० जूल उष्णता काढावी लागते. म्हणजे या साधनाने देहाचे तापमान एका अंशाच्या शतांशानेही उतरत नाही. तरीही काही स्त्रियांना बरे वाटते. कारण मनगटाच्या त्वचेतील शीतसंवेदक मज्जातंतू मेंदूला ‘गार’ असा संदेश पोहोचवितात. साधन देहाला नव्हे, तर जाणिवेला थंड करते. आणि जाणीव मोजण्याचे मुख्य माप शब्दच होय.

एक प्रतिवाद येथे संभवतो. छातीवरील त्वचेची विद्युत्‌वाहकता एकाएकी वाढते, ती यंत्राने नोंदवून वाफा मोजता येतात. हे खरे आहे. पण त्याने घाम मोजला जातो, त्रास नव्हे. शिवाय या विकारात नुसत्या दिखाऊ उपचारानेही वाफांची संख्या लक्षणीय घटते, असे चाचण्यांतून वारंवार आढळले आहे. २०२३ साली उत्तर अमेरिकेतील मेनोपॉज सोसायटीने थंडावा देण्याच्या उपायांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे मत दिले, ते या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

मग जालना जिल्ह्यात अशी पाहणी करावयाची झाल्यास प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा? येथे मराठीचे शब्दभांडार संपन्न आहे, आणि तीच अडचण आहे. ‘अंगात उष्णता आहे’, ‘कडकी आहे’ असे म्हणताना प्रकृतीची एक स्थिती सांगितली जाते; तिच्यावर सब्जा, गुलकंद, मोरावळा हे उपाय ठरलेले आहेत. ‘तलखी होते’ यात शरीराइतकीच मनाचीही व्याकुळता येते. ‘झळ लागते’ म्हणताना उष्णतेचा उगम बाहेर असतो. केवळ ‘अंगातून वाफा येतात’ या प्रयोगात उगम आत आहे, घटना एकाएकी घडते व संपते, आणि नाम अनेकवचनी असल्यामुळे ती मोजताही येते. ‘वाफा दिवसातून किती वेळा येतात?’ हा प्रश्न सुबोध आहे. ‘उष्णता किती वेळा असते?’ हा प्रश्न मराठीत उभाच राहत नाही. बहुतेक चाचण्यांचे एक मुख्य माप ‘दिवसाला किती वेळा’ हे असल्यामुळे, शब्दाची निवड चुकली की आकडाच चुकतो. त्यातच एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जाणाऱ्या या जिल्ह्यात ‘मला गरम होतं’ हे वाक्य बाहेरच्या व आतल्या उष्णतेला सारखेच लागू पडते. म्हणून पाहणी निदान उन्हाळ्यात व हिवाळ्यात अशी दोनदा व्हावी.

याहून गंभीर प्रश्न ‘पिशवी काढली’ या शब्दप्रयोगाचा आहे. गर्भाशय काढले तरी बीजकोश शाबूत असतील, तर संप्रेरकांचा पुरवठा एकदम तुटत नाही. दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते व वाफा तीव्र असतात. ‘पिशवी’ हा एकच शब्द या दोन्ही घटनांवर पांघरूण घालतो. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला स्वतःलाही आपले नेमके काय काढले हे पुष्कळदा ठाऊक नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न किती व्यापक आहे हे २०१९ मध्ये उघड झाले. शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे साधारणतः सहा जणींत एक. ऊसतोडीच्या टोळ्या जालना जिल्ह्यातूनही जातात. तेव्हा येथील प्रश्नावलीत ‘पाळी कधी गेली?’ एवढे विचारून भागणार नाही. पाळी आपण होऊन गेली की शस्त्रक्रियेने, आणि शस्त्रक्रियेचे कागद जवळ आहेत काय, हेही विचारले पाहिजे.

साधनाच्या रचनेसंबंधीही जिल्ह्याचे जीवनमान काही अटी घालते. खुरपणी किंवा कापूसवेचणी करणाऱ्या स्त्रीला मनगटावरचे यंत्र अडचणीचे ठरते. मानेवर, पदराखाली राहील असे साधन तिला सोयीचे. पेल्तिएच्या तत्त्वावरील यंत्राला आपली उष्णता भोवतालच्या हवेत टाकावी लागते. हवाच चाळीस अंशांची असेल तर त्याचे बळ घटते. उलट कोरड्या हवेत ओल्या कापडाचे बळ वाढते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता शोषतो, तर एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,४०० जूल. माठातले पाणी याच न्यायाने गार होते. वीस ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनास ४८,००० जूल लागतात. त्यांतील बराच भाग हवेतून घेतला जातो हे धरूनही मानेवरील ओल्या पट्टीचा हिशेब यंत्राहून सरस ठरतो, आणि टंचाईच्या वर्षीही एवढे पाणी परवडते. पावसाळ्यातील दमट हवेत मात्र तिचा गुण उतरतो. वाफ ओसरल्यावर थंडी वाजते, म्हणून पट्टी चटकन काढता आली पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि थंडावा मिळाला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. रात्री दरदरून घाम येणे हे क्षयाचेही लक्षण असते. थायरॉइड ग्रंथीच्या विकारातही अशीच तगमग होते. तिशीत बीजकोश गमावलेल्या स्त्रीच्या हाडांची झीज लवकर सुरू होते व तिला संप्रेरकोपचाराचा विचार करण्यासाठी डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे असते. तिच्या बाबतीत वाफ ही तक्रार तर आहेच, पण ती खूणही आहे. मानेवरची पट्टी ती तक्रार शमवील. खूण मात्र कोणी तरी वाचली पाहिजे. म्हणून अशा प्रत्येक साधनासोबत, तेथील स्त्रियांच्या शब्दांत लिहिलेली व आशा कार्यकर्तीने वाचून दाखवावयाची एक लहानशी प्रश्नावली दिली जावी, असे सुचवावेसे वाटते. ती तयार करणे हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते साधनाच्या रचनेआधी व्हावयास हवे.