सरासरीतली सावली

टेंभी नाक्यावर नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. एरवी पाठ टेकायला नसते. इतकी वर्षे इथून जा-ये करूनही हे मला उतारवयात कळले, तेही आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींमुळे.

मावशी राहतात दिव्याला. सकाळी दोन घरे, संध्याकाळी दोन. मधल्या तीन तासांत लोकलने घरी जाऊन परत येणे जमत नाही. पूर्वी त्या एका बागेत डबा खाऊन झाडाखाली जरा लवंडत. मग फाटकावर पाटी लागली : दुपारी बंद.

‘‘बागेला पण दुपारची झोप लागते का हो, काका?’’ त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. हल्ली त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसतात.

कुलपाला कारणे असतात. झाडलोट असते, झाडांना पाणी घालायचे असते. गर्दुल्ले येतात, अशी तक्रारही असते. पण त्या कुलपामुळे बाहेर कोण राहते? सकाळी फेऱ्या मारणारे आम्ही पेन्शनर नव्हे. बाहेर राहतात कामवाल्या बाया, हातगाडीवाले, परगावाहून कचेरीच्या कामाला आलेली माणसे. त्यांना सावली हवी असते ती नेमकी दुपारीच.

उभी हयात बँकेत गेल्यामुळे सरासरीचा मी धसका घेतला आहे. एका खात्यात दहा लाख आणि नऊ खाती रिकामी, तरी सरासरी शिल्लक लाखाची दिसते! ठाण्याच्या हिरवाईचे तसेच आहे. येऊरच्या बाजूला शंभरावर चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. २०२४ साली कोलशेतला साडेवीस एकरांचे देखणे उद्यान झाले. पण तिथवर जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे, वर प्रवेशाचे तिकीट. मावशींच्या हिशेबात ते खाते दुसऱ्याचेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने एक साधा मापदंड सुचवला आहे : घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटे चालून पोचता येईल अशी, निदान अर्ध्या ते एक हेक्टरची हिरवी जागा. एकर मोजण्यापेक्षा पावले मोजणे मला पटते.

आपल्याकडे याचा धडा मासुंदा तलाव रोज देतो. स्टेशनपासून चालत जाता येते; तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायला तिकीट नाही. म्हणून संध्याकाळी तिथे गडकरी रंगायतनचा प्रेक्षक आणि पाटी उतरवून बसलेली भाजीवाली शेजारी शेजारी दिसतात. दुपारी मात्र कट्ट्याचा दगड तापलेला असतो.

सावली ही चैन नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. ऊन कुणाला विचारून लागत नाही.

त्यासाठी नवी बाग कशाला हवी? आहे त्या बागा दुपारी उघड्या ठेवाव्यात, एक रखवालदार वाढवावा, गुडघेदुखीच्या माणसाला चढता येईल असा उतार करावा, नाक्यानाक्यावर झाडाखाली एखादा बाक टाकावा.

मावशींना मी म्हटले, ‘‘दुपारी आमच्याकडेच थांबत जा.’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे बसले की काम दिसतं, काका. झाडाखाली दिसत नाही.’’